सीटखालचा तांब्या

गोजरबाई आडोशाच्या अलीकडं हुलगे निवडत बसली होती, तेव्हा ते सगळं भांडण तिच्या कानावर आलं. मुद्दाम कान देऊन ऐकलं असं कुणी म्हणू नये. तिचं घर आणि तिचा चुलतदीर सहादेव याचं घर, यांच्या मधे एक गंजका पत्रा उभा होता. पत्रा माणसाला अडवतो, भांडणाला नाही.

"कळशी कुठाय?" ही विजयमाला, सहादेवाची बायको.

"कंची कळशी?"

"कंची म्हनं! टँकरपाशी पोर काखंत घिऊन उभी राह्यले, बायांच्या कोपराचे धक्के खाल्ले, तवा मिळाल्याली कळशी. झाकान घालून ठिवल्ती. कुठाय?"

सहादेव खाकरला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "जीपला घातली."

गोजरबाईच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलं.

"प्याचं पानी जीपला घातलं?"

"तापली हुती गं. काटा पार टोकाला गेल्ता. उद्या बाजारचा दिस, लोकं वाट बघत्याल..."

"आनि ही पोर, धनी, उठून पानी मागंल, तिला काय पाजू? डिझेल पाजू?" विजयमालाचा आवाज आता पत्र्यावर वाजायला लागला. "त्यापरीस तुमी सवत आनली असती तर बरं झालं असतं. सवत निदान आपलं पानी आपून आनून प्याली असती!"

इथवर गोजरबाईला हसूच येत होतं. पण सहादेव कोंडीत सापडला, आणि कोंडीत सापडला की माणूस भलतंच बोलतो. तो म्हणाला, "लई बोलू नगंस. तुझ्या बापानं हीर दिल्ती का आंदनात?"

विजयमालाच्या बापाच्या विहिरीला त्याच उन्हाळ्यात तळ लागला होता. त्याची लिंबोणीची बाग तोडून लोकांनी सरपणाला नेली होती. हे सहादेवाला ठाऊक होतं. तो स्वतःच जीप घेऊन ती लाकडं वाहायला गेला होता.

"बापाचं नाव काढलं न्हवं?" विजयमाला इतकी हळू बोलली की गोजरबाईला सूप खाली ठेवावं लागलं. "आता तुमच्याशी बोलले तर त्या बापाची लेक न्हाई."

"मग मी तरी कुठं बोलाया बसलोय! पयला सबूद काढंल तो सहादेव न्हवं."

गोजरबाईला वाटलं, दिवेलागणीला भाकरी थापेपर्यंत मिटेल. भाकऱ्या झाल्या, ताटं झाली, अंथरुणं पडली. मिटलं नाही. पुढं कितीतरी वर्षं मिटलं नाही.

मिरजगावच्या अलीकडं हायवे सोडून आत गेलं की ही वस्ती. सहादेव म्हणजे उंच, वाळका, डोक्यावर मागं सरकलेली टोपी. त्याची जीप वडापची. मिरजगाव ते कर्जत अशी दिवसभर ये-जा. आत माणसं, टपावर गठुडी, मागं लोंबकळणारे दोघं-तिघं. ऊसतोडीचा हंगाम लागला की तोडणीवाल्यांची बिऱ्हाडं त्यांच्या कोंबड्या-परातींसकट कोपरगावाकडच्या फडात पोचवून यायचा. जागा नाही हा शब्द त्याच्या तोंडी नव्हता. एकदा तर त्यानं नवरीला पुढं बसवलं, वऱ्हाड मागं कोंबलं आणि आजारी शेळी घेऊन आलेल्या म्हातारीला म्हणाला, "बसा आत्या, नवरीच्या मांडीवर द्या तिला, तेवढीच सवय." नवरी हसली, सासू नाही हसली.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीप दारात थांबली. सहादेवानं मागून पाण्यानं भरलेला एक कॅन उतरवला. हायवेकडेच्या मच्छिंद्राच्या विहिरीचं गोडं पाणी. वस्तीवरच्या बोअरचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजत नव्हती. त्यानं कॅन पायरीवर ठेवला, खांद्यावरच्या टॉवेलानं त्याचं तोंड पुसलं, उचलायची मूठ घराच्या दिशेला फिरवली आणि पत्र्याकडं तोंड करून म्हणाला, "वैनी, सांगा आत, पानी आनलंय."

गोजरबाईनं सांगायला तोंड उघडायच्या आत घरातून आवाज आला, "आक्का, म्हनावं बाहीर, च्या झालाय."

तेव्हापासून रोज संध्याकाळी कॅन आणि चहा, आणि मधे गोजरबाई. ती घरी नसेल तर दोघं शेळीशी बोलत. "शेळे, सांग त्यास्नी, तेल संपलंय." शेळी बिचारी दोघांकडं आळीपाळीनं बघायची. धनी, म्हणजे त्यांची धनश्री, बोलायला लागली ती निरोप सांगतच. तिचं पहिलं धड वाक्य "आई म्हनती" असं सुरू झालं, यावर गोजरबाई आजही पैजेवर बोलते.

पण जीपचं तापणं काही थांबेना. सहादेव पाणी घालायचा, जीप गार व्हायची, माहीजळगावाच्या चढापर्यंत जात नाही तोच पुन्हा काटा टोकाला. बॉनेटमधून वाफ, माणसं खाली, बाया पदरानं वारा घेत रस्त्याकडेला. कुणी म्हणालं पंप गेला, कुणी म्हणालं इंजिनच बसलं. सहादेवानं एकदा घाईत गरम असतानाच रेडिएटरचं झाकण फिरवलं, तर उकळतं पाणी कोपरापर्यंत उडालं. तो डाग शेवटपर्यंत त्याच्या हातावर होता. आणि तरीही गार झाली की हा आपला पाणी ओततच राहायचा, तेही मच्छिंद्राच्या विहिरीवर चार शब्द ऐकून.

एका दुपारी तो असाच जीप ओढत ओढत घरी आला. विजयमाला उंबऱ्यात शेंगा फोडत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. गोजरबाईला हाक मारली.

"आक्का, आमच्या बापाच्या मळ्यात हिरीपासनं माळापतुर पाइप नेल्ता, ठावं हाय का तुमास्नी?"

"असंल की."

"कदी कदी मोटार चालू असायची, हिरीत पानी बी असायचं, पर माळावर थेंब येत नसायचा. आमचा बाप काय येड्यावानी हिरीत पानी वतत बसायचा न्हाई. चढावर जायाचा आनि पाइपाचं बूच जरा सैल करायचा. फुस्स करून हवा गेली, की मागनं पानी धावत यायाचं."

"मंग?" गोजरबाईला काही उमगलं नव्हतं.

"मंग काय! आत हवा अडकली तर पानी कितीबी वता, फिरतच न्हाई. कुनाकुनाला कळत न्हाई हे. म्हनून तुमास्नी सांगून ठिवलं."

सहादेव जीपच्या बॉनेटला टेकून उभा होता. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग जीप हळूच खळ्याच्या चढावर नेली, तोंड वर करून लावली, म्हणजे रेडिएटरचं झाकण सगळ्यात उंच राहील. चाकाखाली दगड टाकले. इंजिन पुरतं गार होईपर्यंत लिंबाखाली बसून राहिला. एवढा दम त्यानं लग्नातसुद्धा धरला नव्हता. मग झाकण काढलं, काठोकाठ पाणी भरलं, वरच्या रबरी पाइपाची क्लिप सैल केली आणि इंजिन सुरू केलं.

पण हे काम एकट्याचं नव्हतं. एकानं पुढं पाइप दाबत पाणी बघायचं, तर दुसऱ्यानं आत बसून रेस द्यायची.

"वैनी, जरा बसा की आत. पाय तेवढा ठिवायचा."

"मी?" गोजरबाई म्हणाली. "माझा पाय पोचायचा न्हाई. आनि पोचला तर तू जीपखाली जाशील. ए विजे, जा की."

विजयमाला उठली. पदर खोचला, सीटवर बसली. समोर उघडं बॉनेट, पलीकडं सहादेव. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. तेच बरं झालं असं गोजरबाईला अजून वाटतं.

"रेस," सहादेव बॉनेटला म्हणाला.

इंजिन गुरगुरलं. सैल क्लिपेतून आधी फुसफुस झाली, मग चूळ भरल्यासारखं गरम पाणी थुंकलं गेलं. झाकणाच्या तोंडाशी बुडबुडे येऊ लागले. सहादेव शेळीची कास पिळावी तसा पाइप दाबत होता. "सोड... आता दे... जरा कमी." मधेच रेडिएटरनं मोठा ढेकर दिला आणि पाणी चांगलं वीतभर खाली गेलं. त्यानं पुन्हा भरलं.

"बुडबुडं थांबलं का?" आतून विजयमालानं विचारलं.

सहादेवाचा हात पाइपावरच राहिला. त्यानं घाबऱ्या डोळ्यांनी गोजरबाईकडं बघितलं. आत विजयमालानंही जीभ चावली असणार. कुणी शपथ मोडली? आता काय करायचं?

गोजरबाई दोघांपेक्षा मोठी. तिनं तिथल्या तिथं निवाडा दिला. "जीपच्या कामातलं बोलनं जीपशी झालं. त्ये धरायचं न्हाई."

सहादेवानं सुस्कारा टाकला. "थांबत आल्यात," तो जीपला म्हणाला. "आजून थोडी रेस."

बुडबुडे थांबले, पाणी आतल्या आत फिरायला लागलं, त्यानं क्लिप आवळली, झाकण लावलं. काटा वर गेला आणि मधोमध येऊन गाईसारखा बसला. संध्याकाळी पुन्हा कॅन पायरीवर, मूठ घराकडं. "वैनी, सांगा आत."

पुढं कामं तशीच चालू राहिली. वर्षातून कधीतरी जीप हवा धरायची, खळ्याच्या चढावर चढायची आणि दोघांची तेवढी बोलाचाल व्हायची. राग तर कधीच विरला होता. विजयमाला त्याच्या पानात पहिली भाकरी वाढायची, तो तिच्यासाठी कर्जतच्या बाजारातून गोल शेव आणायचा. नुसती शपथ तेवढी उरली होती, कुणी उचलायची ते ठरत नव्हतं म्हणून दारात पडून राहिलेल्या जुन्या जात्यासारखी.

मग विजयमालाचा बाप गेला.

ती माहेरून आली ती मुकी होऊनच. गोजरबाईशी बोलेना, धनीशी बोलेना, शेळीशीसुद्धा नाही. कॅन पायरीवर यायचा, पण आतून चहाची हाक येत नव्हती. सहादेव पायरीवर बसून राहायचा आणि मग उठून जायचा.

अशाच एका सकाळी गोजरबाई शेणी आणायला मागं गेली, तर सहादेव जीपखाली आडवा. त्यानं रेडिएटरच्या बुडातलं बूच सोडलं, एक तांब्याभर पाणी काढून घेतलं, बूच परत लावलं. तांब्यावर फडकं बांधलं आणि तो ड्रायव्हरच्या सीटखाली कोपऱ्यात उभा करून ठेवला. गोजरबाई कडब्याच्या गंजीआड उभी. ह्याला काय वेड लागलं, असं तिच्या मनात आलं.

दुपारी जीप वाफ सोडत घरी आली. "वैनी, सांगा आत. गाडीनं हवा धरलीय."

विजयमाला उठली. सवयीनं उठली. सीटवर बसली, पाय ठेवला. इंजिन गुरगुरायला लागलं तसे तिचे डोळे वाहायला लागले. इतके दिवस अडलेलं सगळं तिथं सुटलं. पाय थरथरायचा आणि इंजिन कमीजास्त व्हायचं. सहादेवाला समोरून दिसत नव्हतं, पण त्याला इंजिनाच्या आवाजावरून कळलं.

"रडाया येतंय तर रड," तो पाइप दाबत म्हणाला. "पाय तेवढा तसाच ठिव."

ती रडली. तो पाणी घालत होता. आणि शेवटी हवा निघाल्यावर, पाणी कमी पडलं तेव्हा त्यानं सीटखालचा तोच तांब्या काढून तेच पाणी परत आत ओतलं. एक थेंब वाया घालवला नाही. पाण्यावरून झालेलं ते भांडण तो विसरला नव्हता, हे गोजरबाईला तेव्हा कळलं. "ह्ये बी जीपशीच झालं," ती नाक पुसत म्हणाली, जरी तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आतून हाक आली, "आक्का, म्हनावं बाहीर, च्या झालाय."

गोजरबाईनं ही गोष्ट पोटात ठेवली. पण त्यानंतर जेव्हा जेव्हा घर फार गप्प व्हायचं, मग ते धनी लग्न होऊन नगरला गेली म्हणून असो की विजयमालाचा गुडघा दुखायला लागला म्हणून, तेव्हा दोनचार दिवसांत जीप हवा धरायची. गोजरबाई तेव्हा कामाला लागायच्या आधी तोंडावर पदर धरून हसून घ्यायची.

वस्तीवर रस्ता झाला, घरोघर मोटारसायकली आल्या, वडापला माणसं मिळेनात. सहादेवाच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, छातीत कळ यायला लागली. धनी नगरहून आली ती ठरवूनच आली. "दादा, आता बास. ही जीप बी थकली आनि तुमी बी. भंगारवाल्या रामहरीला सांगून ठिवलंय, त्याला दिऊन टाकू."

सहादेव हो म्हणाला. एवढ्या पटकन म्हणाला की गोजरबाईलाच धास्ती बसली. तिला जीपचं काय सोयरसुतक? पण जीप गेली तर ही दोघं बोलणार कशावर? तिचे स्वतःचे दात गेले होते, कान जड झाले होते. निरोप सांगायला तीही कुठवर पुरणार होती? दोन म्हातारी माणसं एका घरात, मधे शेळीसुद्धा नाही. धनीला हे सांगावं तर ती म्हणाली असती, काकू, तुमचं काहीतरीच.

रामहरी आला त्या दिवशी जीप सुरू केली आणि दारातच तापली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका, ट्रॅक्टरला बांधून नेतो. तोडायचीच तर हाय."

"माझ्या दारातनं तापल्याली गाडी जायाची न्हाई," सहादेव म्हणाला. "वैनी, सांगा आत."

विजयमाला गुडघ्यावर हात टेकत सीटवर चढली. सहादेवाला झाकणाच्या तोंडाशी नीट दिसेना.

"बुडबुडं दिसत्यात का?" तिनं विचारलं.

"दिसत न्हाईत. बोटाला लागत्यात."

"बोट भाजून घिऊ नका."

"न्हाई भाजत. रेस दे."

दोघांनी कधी नव्हे इतका वेळ लावला. रामहरी घड्याळाकडं बघत होता, गोजरबाई रामहरीकडं डोळे वटारून बघत होती. शेवटी सहादेवानं सीटखालून तांब्या काढला, पाणी ओतलं, झाकण लावलं. काटा मधोमध बसला. जीप आपल्या पायांनी हायवेकडं गेली. सहादेवाच्या हातात रिकामा तांब्या राहिला. विजयमालानं तो काढून घेतला, चिंच लावून घासला आणि फळीवर पालथा घातला.

आणि मग गोजरबाईला भीती वाटत होती तेच झालं. सहादेव कॅन आता सायकलच्या कॅरियरला बांधून आणायचा. घरात नळ आला होता, योजनेचा, पण त्याच्या पाण्यात डाळ नीट शिजत नाही असं तो गोजरबाईला सांगायचा. "वैनी, सांगा आत." "आक्का, म्हनावं बाहीर." एवढंच. बाकीचा दिवस तो बाजेवर, ती चुलीपुढं, आणि मधे खळ्याचा मोकळा चढ. सहादेव तिकडं बघत बसायचा. जेवण कमी झालं. गोजरबाईनं मुद्दाम भांडण लावून पाहिलं, तेही लागलं नाही.

एका दुपारी गोजरबाई मीठ मागायला पत्र्याच्या कडेनं डोकावली. सहादेव बाजेवर डोळे मिटून पडला होता. मोरीपाशी विजयमाला खाली बसली होती. तिच्या हातात सहादेवाचा क्लिपा सोडायचा जुना पाना. तिनं आधी वस्तीकडच्या पाइपाची चावी बंद केली, मग नळाचं नट दोन आटे फिरवून सैल केलं, पाइपातलं पाणी खाली ठेवलेल्या तांब्यात काढून घेतलं. तोच तांब्या. पाना पदराखाली लपवला. आणि मग, इतक्या वर्षांनी, मधे ना वैनी ना शेळी, ती मोठ्यानं म्हणाली,

"अहो! नळानं हवा धरलीय. या हिकडं."

सहादेव असा उठला की टोपी खाली पडली. ती उचलायचं त्याला भान नव्हतं. तो मोरीशी येऊन उकिडवा बसला.

"चावी खोल. हळू."

"खोलली."

नळ फुसफुसला, खोकला, थुंकला.

"आता मीट. आता पुन्यांदा." त्याची बोटं नटावर गेली. नट सैल होतं. त्यानं तांब्याकडं पाहिलं, मग तिच्या पदराकडं, पदरातून डोकावणाऱ्या पान्याकडं.

विजयमाला गोजरबाईकडं वळली. "आक्का, सांगा ह्यास्नी. त्या रेडिएटरला दर खेपंला नेमका एकच तांब्या कसा कमी पडायचा, ते कळत न्हवतं व्हय मला?"

"मी न्हाई सांगत," गोजरबाई म्हणाली. "नळाच्या कामातलं हाय. तूच सांग."

सहादेव हसायला लागला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. विजयमालानं त्याला त्याच तांब्यातलं पाणी पाजलं.

मग नळ वरचेवर हवा धरायला लागला. ग्रामपंचायतीचा माणूस येऊन बघून गेला, त्याला काही सापडलं नाही. गोजरबाईनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दोघांची बोलणी मोरीशी लांबत गेली. बापाच्या मळ्यावर जायची, धनीवर जायची, नवरीच्या मांडीवरच्या शेळीवर जायची. पण मोरीपासून उठलं की पुन्हा "वैनी, सांगा आत." ती शपथ त्यांनी मोडली नाही. आता तिचा जाच राहिला नव्हता, गंमत राहिली होती.

सहादेव त्या हिवाळ्यात गेला. सकाळी उठलाच नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी तो मच्छिंद्राच्या विहिरीवरून सायकल हातात धरून चालत आला. चढावर जरा थांबला, तेवढंच. कॅरियरची दोरी सोडली, कॅन दोन्ही हातांनी उतरवून पायरीवर ठेवला. खांद्यावरच्या टॉवेलानं त्याचं तोंड पुसलं. मूठ घराकडं फिरवली.

"वैनी, सांगा आत, पानी आनलंय."

"आक्का," आतून आवाज आला, "म्हनावं बाहीर, च्या झालाय."

हा निरोप पोचवायला गोजरबाईला कधी तोंड उघडावं लागलंच नव्हतं. सहादेव चपला काढून आत गेला.